खारट पेज

एकदा एका खडकाळ बेटावर दोन माणसे आणि नऊशे पक्षी राहत होते. माणसांपैकी एक होता वृद्ध राखणदार; किनाऱ्यावरचे सगळे त्याला आबा म्हणत. दुसरा त्याचा शिष्य. शिष्य म्हणजे कोणी पोरसवदा मुलगा नव्हे, चांगला चाळिशीला टेकलेला गृहस्थ. शहरात त्याच्या हाताखाली बारा माणसे होती. आयुष्यात एकदा तरी निरपेक्ष काम करावे म्हणून तो एका हंगामापुरता स्वयंसेवक होऊन बेटावर आला होता, आणि इथे त्याच्या हाताखाली एक खराटा होता.

पक्षी म्हणजे सुरय. हे वेडे जीव घरटे बांधत नाहीत. उघड्या खडकावर, गवताच्या आडोशाला अंडे ठेवतात आणि त्यावर बसून राहतात. शतकानुशतके त्यांना हे परवडले, कारण त्या बेटावर उंदीर नव्हता. एकही नव्हता. म्हणून बेटाचा एकच कडक नियम होता: बाहेरून येणारी कुठलीही वस्तू, मग ते पोते असो की अंथरुणाची वळकटी, आधी पाण्यात तुटून उभ्या असलेल्या सपाट खडकावर न्यायची, तिथे उघडायची, झटकायची, आणि मगच किनाऱ्यावर आणायची. शिष्याने पहिल्या दिवशी आपली बॅग त्या खडकावर रिकामी केली तेव्हा त्याला मनातून हसू आले होते. त्यानंतर दोन महिन्यांत त्याने पुष्कळ पोती झटकली. एकातूनही काही निघाले नाही. हा सगळा म्हाताऱ्याचा सोवळेपणा आहे, असे त्याचे हळूहळू ठाम मत होत गेले.

पुढे श्रावणात समुद्र बिघडला. आठ दिवस होडी आली नाही. सहाव्या दिवशी डाळ संपली, सातव्या दिवशी तांदूळ. गळ टाकावा तर लाटा माणसाला ओढून नेतील अशा. आठव्या दिवशी दोघांनी नुसते गरम पाणी प्यायले. नवव्या दिवशी सकाळी शिष्य पक्ष्यांची मोजणी करायला निघाला आणि एका अंड्यापाशी थबकला. आपण त्या अंड्याकडे कोणत्या नजरेने पाहतो आहोत हे लक्षात येताच त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि तो मोजणी अर्धवट टाकून झोपडीकडे परतला.

त्याच दुपारी होडी दिसली. बेटाच्या आडोशाच्या बाजूला जरासे शांत पाणी होते, तिथपर्यंत बाबल होडीवाल्याने जिवावर उदार होऊन होडी आणली. दोघे कमरभर पाण्यात धावले. पण तो सपाट खडक लाटांखाली गडप झाला होता, नि होडी एका जागी ठरत नव्हती.

"आबानू, माका हय थांबूक जमाचा नाय," बाबल ओरडला. "एकच पोता गावला. घेवा, नायतर परत नेतंय!"

शिष्याने उत्तराची वाट पाहिलीच नाही. त्याने पोते खांद्यावर ओढून घेतले. होडी मागे वळली आणि लाटांआड दिसेनाशी झाली.

तेवढ्यात आबांचा हात पोत्याच्या कोपऱ्यावर पडला. तिथे दोन बोटे जातील एवढे भोक होते, ताजे, कडेने कुरतडल्यासारखे. त्यातून तांदूळ गळत होता.

"थांब," आबा म्हणाले. "खाली घे."

"आबा, किनारा दहा पावलांवर आहे. वर नेऊन बघू."

"दहा पावलं उंदराला पोहता येतात. असेल तर इथेच बुडायला हवा. खाली घे म्हणतो ना!"

आबांनी डोक्याचा पंचा सोडून भोकावर करकचून बांधला आणि शिष्याला काही कळायच्या आत ते पोते दोन्ही हातांनी पाण्याखाली दाबले. नऊ दिवसांनी आलेले अन्न, आणि हा माणूस ते बुडवतो आहे! त्याने आबांचे मनगट धरले, ओढले, नको ते बोलला. आबांचे ओठ हलत होते. ते आकडे मोजत होते. शंभर झाले, दीडशे झाले. एक मोठी लाट आली आणि आबांना घेऊन खाली गेली. क्षणभर फक्त पांढरा फेस दिसला. शिष्याने भीतीने हात घातला तो त्याला म्हाताऱ्याचा दंड लागला. त्याने ओढून वर काढले, तर म्हातारा पोत्यासकट वर आला. नाकातोंडात पाणी गेले होते, पण गाठ सुटली नव्हती.

"दोनशे दहा," आबा धापा टाकत म्हणाले, आणि पुन्हा पोते दाबून उभे राहिले.

तीनशे झाल्यावर त्यांनी पंचा सोडला. दोघांनी तिथेच, पाण्यात उभे राहून, पोते उघडले आणि ओंजळीओंजळीने चाचपले. आत तांदूळ होता. तांदळाशिवाय काहीही नव्हते.

दोघांनी ओले पोते ओढत वर आणले, पागोळ्यांच्या साठवलेल्या पाण्यात तांदूळ धुतला, पुन्हा धुतला, आणि पेज शिजवली. पेज खारट झाली होती. शिष्य वाडगा हातात धरून म्हणाला, "पुढच्या होडीने मी जातो, आबा. आत काही नव्हतं."

"नव्हतं," आबा म्हणाले. "पलीकडे ते बेट दिसतं ना?"

"ते ओसाड?"

"ते ओसाड नव्हतं. तुझ्याच वयाचा असताना मी तिथे राखणीला होतो. सोबती तापाने फणफणलेला, समुद्र असाच, पोतंही असंच भोक पडलेलं. मी ते पाठीवर मारलं ते थेट झोपडीत आणलं. पेज करून पाजली, सोबती वाचला. पण पुढच्या वर्षापासून अंडी कमी होत गेली. चौथ्या वर्षी पक्षी आलेच नाहीत."

"म्हणजे त्या पोत्यात उंदीर होता?"

"ठाऊक नाही रे. त्यात असेल, दोराच्या वेटोळ्यात असेल, आणखी कशात असेल. मी बघितलंच नव्हतं." आबांनी चुलीतले लाकूड मागे ओढले. "आज उंदीर निघाला असता तर तू मला ज्ञानी म्हणून पाया पडला असतास. निघाला नाही, म्हणून मी वेडा. पण राखण करणाऱ्याचे बहुतेक दिवस असेच असतात, काहीच निघत नाही. हे रिकामे दिवस ज्याला सोसतात, त्यानेच राखण करावी."

शिष्याने हळूच विचारले, "आणि आज मी तापाने पडलो असतो तर?"

"तर तुला हीच पेज पाजली असती. त्या दिवशी पोतं बुडवलं असतं, तरी सोबती उपाशी मेला नसता. पेज खारट झाली असती, एवढंच."

शिष्याने वाडग्यात पाहिले. मग तो तोंडाला लावला आणि तळाशी गेलेल्या शितांसकट संपवला.

नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला आणि होडी आली. शिष्याने आपले सामान बांधलेले नव्हते. होडीतून या वेळी धान्य पाठवणारा व्यापारीही बेट पाहायला आला होता. आपली चांगली शिवलेली पोती हा सुशिक्षित गृहस्थ भर उन्हात, गुडघाभर पाण्यातल्या खडकावर एकेक करून उसवतो आहे, हे पाहून त्याला मोठी गंमत वाटली.

"काय हो," तो हसत म्हणाला, "काही सापडलं का?"

"नाही," शिष्य म्हणाला, आणि त्याने पुढचे पोते उसवायला घेतले.