एकही नापास नाही

फार वर्षांपूर्वी, लोक गॅरंटीकार्ड जपून ठेवत त्या काळी, एका पंख्याचा कंडेन्सर जळाला. पंख्याने नव्यासाठी मुलाखती घेतल्या.

"आमच्या कारखान्यात प्रत्येकाला तापवून तपासतात," साधा कंडेन्सर म्हणाला. "माझे कित्येक भाऊ नापास झाले."

"शी! असलं घराणं नको रे बाबा."

"आमच्याकडे आजवर एकही नापास नाही," सोनेरी कंडेन्सर म्हणाला.

"वा! तपासतं कोण?"

"इश्श! आपल्याच लेकरांवर कुणी अविश्वास दाखवतं का?"

पंख्याला गहिवरून आलं. त्याने सोनेरीलाच नेमलं. पहिल्याच कडक दुपारी तो फुगला, फुटला आणि पंखा थांबला.

तेवढ्यात सोनेरीचा सख्खा भाऊ हजर झाला. "साहेब, आमच्यातला हा पहिलाच हो!"

"चांगल्या घराण्यातही निघतो एखादा," पंखा म्हणाला. "ये, बस."