लिंबूटिंबू

कालव्याला पाणी सुटलं होतं आणि पुलावर जमलेल्या दहावीच्या पोरांचे पाय एका जागी ठरत नव्हते. वर्गाचा पुढारी तेजराज कठड्यावर चढून म्हणाला, “सगळ्यांनी उडी मारायची. मागे हटेल तो आपला नाही.”

खाली पाणी खांबांना धडका देत होतं. अर्ध्यांना धड पोहता येत नव्हतं, तरी सगळे चपला काढू लागले. रेवतीने मात्र दप्तर उचललं.

तेजराज हसला. “लहानपणी लपाछपीतही तू लिंबूटिंबूच होतीस.”

“आजही आहे,” रेवती म्हणाली. “लिंबूटिंबूवर राज्य येत नाही. तुझंसुद्धा नाही.”

“मग मीही लिंबूटिंबू,” म्हणत मकरंद तिच्यामागे निघाला. हळूहळू सगळेच निघाले.

कठड्यावर तेजराज एकटा उरला. राज्य त्याच्यावर आलं होतं, आणि खाली बघायची त्याची हिंमत होईना.