पाटलाचा पहिला तांब्या

पाणी नासलंय म्हणून हौसाबाई घसा बसेस्तोवर ओरडली, पण गावात कुणी म्हणून तिच्यावर विश्वास दाखवला नाही. नुकत्याच उपसलेल्या विहिरीचं पाणी तिच्या शेळीनं हुंगून सोडलं होतं. "येडीला आता शेळी अक्कल शिकवतीय!" म्हणत धोंडजी पाटील हसला, तसं सारं गाव हसलं.

विहीर उपसली की पहिला तांब्या पाटलानं प्यायचा, मग गावानं, अशी तिथली रीत. पाटलानं सगळ्यांदेखत तांब्या तोंडाला लावला आणि गाव निर्धास्तपणे पाणी प्यालं. आठवडा सरायच्या आत घरोघर जुलाब लागले. दोन लेकरं गेली.

पारावर पंच बसले. पाटील गरजला, "पाणी वाईट हे हिलाच आधी कसं कळलं? हिनंच काहीतरी कालवलंय. हाकला हिला गावाबाहेर!"

हौसाबाईनं पदर खोचला. "पाटील, मी येडी. पण जो जो ते पाणी प्याला, तो आडवा झाला. पहिला तांब्या तर तुमचा. मग तुम्ही असे ठणठणीत कसे?"

पाटील पागोटं सावरू लागला.

"मी सांगते," ती जमलेल्या गावाकडं वळून म्हणाली. "येडीचं बोलणं गावात एकाला पटलं होतं. त्यानं घोट घेतला न् गुपचूप थुंकला. पण येडीचं ऐकलं असं दिसलं तर शहाणपणाला बट्टा लागेल, म्हणून तुम्हाला प्यायला दिलं."

पंचांनी माना खाली घातल्या. नाव घेतलं ते लेकरू गेलेल्या आईनं.

"धोंडजी पाटील."