मागच्या दाराचं कुलूप

कापडाच्या अकरा दुकानांचे मालक वसंतशेठ यांनी धंद्यावरचे धोके शोधायला बैठक बोलावली होती. चोरी, ऑनलाइन विक्री, शेजारचा नवा मॉल, सगळं फळ्यावर लिहून झालं. तेवढ्यात साडी विभागातल्या मंदाताई टेमकर उठल्या.

"शेठ, आगही लिहा. आम्ही बायका माल पळवू म्हणून तुम्ही मागच्या दाराला कुलूप घातलंय. पेटलं तर निघायचं कुठून?"

"किल्ली वॉचमनकडे असते, बाई. दोन मिनिटांत येईल तो. तेवढाही धीर नाही?" शेठ हसले. मागोमाग सगळे मॅनेजर हसले.

मंदाताई बाहेर पडल्या. त्यांनी खोलीला बाहेरून कुलूप घातलं आणि चहाला निघालेल्या वॉचमनच्या हातात किल्ली ठेवली.

पाच मिनिटांत शेठ दारावर लाथा घालू लागले. "उघडा! जीव गुदमरतोय!"

"धीर धरा, शेठ. किल्ली वॉचमनकडेच आहे, आणि वॉचमन रोजच्यासारखा टपरीवर आहे. आज तर धूरही नाही."

दुसऱ्या दिवशी मागच्या दाराचं कुलूप निघालं. फळ्यावरच्या धोक्यांच्या यादीत मात्र, आग लिहायची त्या जागी, शेठनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: मंदा टेमकर.