उंबऱ्याबाहेरच्या वहाणा

पूर्वी गोदेच्या काठी शिलावती नावाच्या नगरात सुतनू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका मर्दनकाराच्या कुळात जन्माला आले होते. मर्दनकार म्हणजे तेल लावून, अंग रगडून दुखणे काढणारा. पण ही गोष्ट मी त्यांच्या बाजूने सांगणार नाही. ज्याची मान त्यांच्या कोपराखाली आली होती, त्याच्या बाजूने सांगणार आहे. कारण खरा हादरा त्याला बसला.

त्याचे नाव दृढधन्वा. तो सुतनू राजाचा सेनापती. असा दरारा, की तो रस्त्याने निघाला तर कुत्रीसुद्धा भुंकायची थांबत. एकदा मिरवणुकीत त्याचा हत्ती बिथरला आणि सेनापती अंबारीतून थेट दगडी पायऱ्यांवर आदळला. राजवैद्यांनी हाडे बसवली, लेप लावले, काढे पाजले. हाडे जुळली. पण मान वळेना, उजवा हात खांद्याच्या वर जाईना, आणि पाय जमिनीला टेकला की कमरेतून अशी कळ निघे की डोळ्यांपुढे काजवे चमकत.

त्यात शस्त्रपूजा तोंडावर आलेली. त्या राज्याची रीत अशी, की शस्त्रपूजेच्या दिवशी सेनापतीने भर सभेत मोठे धनुष्य ओढून दाखवायचे. ओढता आले नाही तर तलवार राजाच्या पायाशी ठेवायची आणि मुकाट घरी जायचे. दृढधन्व्याला मरण परवडले असते, ते घरी जाणे परवडणारे नव्हते.

राजवैद्य सरळ माणूस होता. तो म्हणाला, "सेनापती, औषधाचं काम झालं. आता आखडलेलं अंग मोकळं करायला मर्दनच हवं."

"मग बोलवा की मर्दनकाराला!"

"नगरात आता आहे कोण? तुम्हीच तर..." वैद्याने पुढचे शब्द गिळले. "घाटाखाली देवराईला लागून एक झोपडी आहे. लोक त्याला आचार्य म्हणतात. तिथे जाऊन राहा."

सेनापतीने अंगावरची भूषणे उतरवली, धान्याच्या व्यापाऱ्याचा वेष केला आणि एका नव्या सेवकाला घेऊन मेण्यातून घाट उतरला. आपण लुळे पडलो आहोत हे चारचौघांत कळणे त्याला नको होते. त्या झोपडीची रीत तर त्याच्या पथ्यावरच पडली. उंबऱ्याशीच सेवकाने त्याच्या डोळ्यांवर फडके बांधले, कारण तसा नियम होता. आतून आवाज आला, "गृहस्था, वहाणा बाहेर ठेवायच्या आणि नावही बाहेरच ठेवायचं. राजा म्हटला की हात घाबरतो, भिकारी म्हटला की हात घाई करतो. पाठीला नाव नसतं."

आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला. पण सेनापतीने आजवर ऐकलेले आवाज काय थोडे होते? आणि वहाणा तर पायात नव्हत्याच. त्याला उचलून आत नेले आणि लाकडी द्रोणीत, म्हणजे मर्दनाच्या लांबट काठवटीत, पालथे घातले. सेवक बाहेर जाऊन बसला.

तेवढ्यात पाठीवर हात टेकला आणि एकदम थबकला. डाव्या खांद्याखाली, वर्षानुवर्षे धनुष्य ओढून जी गाठ झाली होती, तिथे तो हात बराच वेळ तसाच राहिला. मग काही न बोलता खाली सरकला. त्या दिवशी आचार्यांनी फक्त पाय रगडले.

"दुखतंय मानेत आणि तुम्ही पाय रगडताय!" सेनापती वैतागून म्हणाला.

"मान शेवटी," आचार्य म्हणाले. एवढेच.

रोज सकाळी तिळाच्या तेलाचा आणि निर्गुंडीच्या पाल्याचा वास यायचा. आतल्या खोलीत कोणी बाई तेल तापवायची आणि दारातून वाटी सरकवायची. आचार्यांची पद्धत काही निराळीच होती. कधी कोपर, कधी मनगटाची बाजू, तर कधी आढ्याला टांगलेल्या दोराला लटकून चक्क टाचेने पाठ रगडायचे. बोटांचा वापर जवळजवळ नाहीच. घाटाखालची रीत असेल, असे दृढधन्व्याने मनाशी म्हटले. त्याला त्याच्याशी काय देणेघेणे? कमर सुटत होती. पोटऱ्या सैल होत होत्या. काही दिवसांनी त्याने कूस बदलली आणि कळ आली नाही, तेव्हा तो लहान मुलासारखा हसला.

मग तो दिवस उजाडला. सकाळी दृढधन्वा आपल्या पायांवर उभा राहिला. पहिल्यांदाच! सेवकाने सामानातून वहाणा काढून पायांत सरकवल्या. आनंदाच्या भरात याने खाली पाहिले नाही, आणि मान तरी कुठे वाकत होती? काठी टेकत तो झोपडीपर्यंत चालत आला, उंबऱ्याशी वहाणा काढल्या, डोळ्यांवर फडके बांधून घेतले आणि आत जाऊन पालथा पडला.

"आज मान," आचार्य म्हणाले. त्यांनी कोपर त्याच्या मानेच्या मुळाशी टेकवले.

इतक्यात बाहेर घागर फुटल्याचा आवाज झाला. कोणीतरी धावत आत आले. बाईचा आवाज होता.

"अहो, बाहेर वहाणा कुणाच्या आहेत?"

"पाटला, आत तेल बघ."

"पितळी सिंहमुखाच्या वहाणा! अख्ख्या राज्यात एकाच माणसाच्या पायांत असतात त्या. मी त्यांच्यावर कपाळ आपटलंय, मी नाही ओळखणार? तुमच्या अंगठ्यांची भीक मागत होते मी आणि त्यानं पाय मागं घेतला होता!"

द्रोणीत पडलेल्या दृढधन्व्याच्या कानावर तो शब्द पडला. अंगठे! एका क्षणात सगळे समोर उभे राहिले. सुहस्त! राजवाड्यातला मर्दनकार सुहस्त. रोज सकाळी राजाच्या धाकट्या भावाला, युवराजाला, मर्दन करायचा, कधीकधी सेनापतीची पाठही रगडायचा. युवराज गादीवर आला तर आपले काही चालणार नाही म्हणून सेनापतीने त्याला एकांतात बोलावले होते. याच तोंडाने सांगितले होते, "मानेच्या मुळाशी कोपर देऊन एक हिसका. खूण राहत नाही. तुला गाव इनाम देईन." सुहस्त म्हणाला होता, "ज्या मानेवर मी हात ठेवतो, ती मान मी मोडत नाही." झाले! दुसऱ्या दिवशी युवराजाच्या तेलात विष सापडले. ते कोणी घातले होते हे सांगायला हवे का? मर्दनकाराचे दोन्ही अंगठे उडवले. सेनापतीच्या शब्दापुढे त्याचे ऐकणार कोण?

आणि आता त्याच मर्दनकाराचे कोपर याच्या मानेच्या मुळाशी होते. अगदी त्याच जागी, बोटभरही इकडेतिकडे नाही. कुठे दाबायचे हे यानेच शिकवले होते!

 दृढधन्व्याने ओरडायला तोंड उघडले तर आवाज फुटेना. ज्याने रणात हत्ती अडवले, त्याचे दात वाजू लागले.

"अहो, बघता काय?" पाटला रडत म्हणाली. "मान कोपराखाली आहे. खूण राहत नाही, तोच म्हणाला होता ना? हत्तीवरून पडलेला माणूस, मेला म्हणून कोण विचारणार आहे?"

कोपर हलले नाही. खालीही गेले नाही, वरही उचलले नाही. दृढधन्वा श्वास धरून पडून राहिला.

"पाटला," बोधिसत्त्व म्हणाले, "तेल गार होतंय."

"तेल? तुम्हाला तेल सुचतंय? राग म्हणून येत नाही का तुम्हाला?"

"येतो ना. पहिल्याच दिवशी खांद्याखालची गाठ हाताला लागली आणि मला घाम फुटला. हात पेटल्यासारखा झाला होता. म्हणून त्या दिवशी मानेला शिवलो नाही, पाय रगडत बसलो. रोज बघत होतो, राग कोपरात आहे का. काल निजताना पाहिलं, तर नव्हता. म्हणून आज मान घेतली."

हे ऐकून दृढधन्व्याला जो धक्का बसला, तो मरणाच्या भीतीहून मोठा होता. मर्दनकाराने पहिल्याच दिवशी ओळखले होते! ओळखून रोज पाय रगडले, टाचा रगडल्या, कमर सोडवली. ज्या पायांनी आज तो चालत आला, ते त्यानेच चालते केले होते.

बोधिसत्त्वांनी कोपर काढून घेतले आणि त्याच्या डोळ्यांवरचे फडके सोडले. "सेनापती, आता तुमचंही नाव उघडं झालं, माझंही. रीत मोडली. उठून जायचं असेल तर जा, कोणी अडवणार नाही. मात्र मानेची एक कळ राहिली आहे. ती काढली नाही तर धनुष्य ओढता यायचं नाही."

दृढधन्वा कसाबसा उठून बसला. समोर तेलाने माखलेले दोन हात होते. चार चार बोटे, आणि अंगठ्याच्या जागी जुनाट, गुळगुळीत झालेले वण. तो त्या हातांकडे बघतच राहिला. बाहेर सेवक होता, सेवकाच्या कमरेला तलवार होती. एक हाक पुरली असती.

त्याने हाक मारली नाही. तो पुन्हा पालथा झाला आणि आपली मान त्या माणसापुढे ठेवली. लढाईतही त्याला इतकी छाती करावी लागली नव्हती. डोळे गच्च मिटलेले, अंगभर काटा. कोपर टेकले. दाब आला, वाढला. मानेत कटकन आवाज झाला आणि दृढधन्वा किंचाळला.

मग शांत झाले. तो जिवंत होता. त्याने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. उजवा हात उचलला, तो खांद्याच्या वर गेला, डोक्याच्याही वर गेला. आणि तो मोठा सेनापती द्रोणीत तोंड खुपसून ओक्साबोक्शी रडला. पाटला मात्र भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिने त्याला क्षमा केली नाही, आणि बोधिसत्त्वांनीही तिला तसे करायला सांगितले नाही.

शस्त्रपूजेच्या दिवशी भर सभेत दृढधन्व्याने मोठे धनुष्य कानापर्यंत ओढले. लोकांनी जयजयकार केला. राजा उठून मिठी मारायला आला, तर सेनापतीने धनुष्य खाली ठेवले आणि युवराजाच्या देखत सगळे बोलून टाकले. गाव इनाम, मानेचा हिसका, तेलातले विष, काही ठेवले नाही.  राजा पांढराफटक पडला. युवराजाचा हात नकळत आपल्या मानेवर गेला.

राजा म्हणाला, "तूच सांग, तुला दंड काय देऊ?"

"माझे अंगठे त्याला द्या."

राजाने वधकाला खूण केली. तसा दृढधन्वा म्हणाला, "महाराज, कापून नकोत. कापलेले अंगठे त्याच्या काय कामाचे? चालते द्या. मी त्याच्या हाताखाली राबेन."

राजाने युवराजाकडे पाहिले. युवराजाने होकारार्थी मान हलवली.

दृढधन्वा घाट उतरून त्या झोपडीशी आला. आत कोणी म्हातारा पाठीच्या दुखण्याने कण्हत होता. पाटला दारात आली. तिने आधी त्याच्या पायांकडे पाहिले. पाय अनवाणी होते.  मग तिने वाटी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "उभा काय राहिलास? तेल गार होतंय."

तो आत जाऊन म्हाताऱ्याच्या पाठीशी बसला आणि म्हणाला, "आचार्य, सांगा, कुठे दाबू?"

पुढे कितीतरी जन्मांनंतर एका विहारात एक वृद्ध भिक्षू होते, त्यांचे नाव उत्तिय. कोणी आजारी पडले की ते कोणाला हात लावू देत नसत, स्वतःच तेल घेऊन बसत. तरुण भिक्षू त्यांना हसले, तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही गोष्ट सांगितली. मग ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा सुतनू राजा म्हणजे आजचा दाता श्रेष्ठी वरुण, युवराज म्हणजे भिक्षू पुण्णक, आणि पाटला म्हणजे दारात उभी असलेली ही भिक्षुणी सुजाता. दृढधन्वा म्हणजे हा उत्तिय. त्याचे अंगठे अजून थकलेले नाहीत. आणि तो मर्दनकार मीच होतो. राग मलाही आला होता. तो उतरेपर्यंत मी मानेला हात लावला नाही, एवढेच मी केले. त्यालाच क्षांती म्हणतात."

उत्तिय मान खाली घालून ऐकत होते. हसणाऱ्या भिक्षूंपैकी एकजण उठला आणि तेलाची वाटी गरम करायला घेऊन गेला.