रिकाम्या द्रोणातला शिरा

पराग खटावकर नावाच्या दीडशहाण्याने क्रिप्टो नाण्यांचं ऑफिस थाटलं आणि सत्यनारायण घातला. जमलेल्या पेन्शनरांना तो म्हणाला, "शेअर म्हणजे भाकड गाय! विका आणि रुपये मला द्या. माझं नाणं दिसत नाही, पण वर्षात दसपट होईल. विश्वास ठेवा."

खुळ्या माना डोलल्या. दोघातिघांनी तर चेकबुकं काढली.

पूजा सांगणाऱ्या इंदूताई लिमयांनी प्रसाद म्हणून सगळ्यांना रिकामे द्रोण वाटले आणि शिऱ्याचं पातेलं स्वतःपुढे ओढलं.

"अहो, शिरा कुठाय?" पराग खेकसला.

"दिलाय की! दिसत नाही, पण वर्षात दसपट होईल. विश्वास ठेवा."

"मग पातेल्यातला?"

घास घेत इंदूताई म्हणाल्या, "तो माझ्याकडेच राहणार. यांचे रुपये नाही का तुमच्याकडे राहणार?"

पेन्शनरांनी द्रोण परागच्या टेबलावर ठेवले आणि चपला शोधायला लागले.