ऊर्णेचा कोप आणि दीर्घपर्णी

पूर्वी कृतयुगात, पृथ्वीवर अरण्ये उदंड आणि राजे थोडे होते त्या काळी, सह्यगिरीच्या पश्चिम उतारावर शालंकायन नावाचे महातपस्वी ऋषी राहत असत. गगनचुंबी वृक्षांच्या दाट छायेत त्यांचा आश्रम वसला होता. भर मध्यान्हीही तेथे पहाटेसारखा मंद उजेड असे, आणि पायाखालची माती वैशाखातही गार लागे. त्या छायेत ऋषिपत्नी ऊर्णेने दीर्घपर्णी वाढवली होती. सुपाएवढ्या, गर्द हिरव्या, तुकतुकीत पानांचे ते झुडूप कोणत्याही ऋतूत निष्पर्ण होत नसे.

ते तिच्या माहेरचे होते. विवाहानंतर उत्तरेकडील आपले खोरे सोडताना तिने त्याची एक फांदी ओल्या शेवाळात गुंडाळून आणली; पुढे ते खोरे माणसांसकट महापुरात बुडाले आणि माहेर म्हणून तिच्याजवळ ही फांदी तेवढी उरली. ती जगवणे सोपे नव्हते. उघड्यावर लावली तर पाने करपली, झऱ्यालगत लावली तर मुळे कुजू लागली. अखेर ऊर्णेने तिला जुन्या वृक्षांच्या आडोशाला, कुजलेल्या पाचोळ्याच्या भुसभुशीत मातीत नेऊन लावले, तेव्हा कुठे तिने जीव धरला. रोज सकाळी ऊर्णा ओल्या वस्त्राने एकेक पान पुसे आणि पुसता पुसता त्या पानांशी आईशी बोलावे तसे बोले.

त्याच काळी खालच्या मैदानात तेजोवर्धन नावाचा राजा राज्य करीत होता. हा सूर्याचा परमभक्त. त्याने संकल्प सोडला की, ‘माझ्या राज्यात सूर्यकिरण पोचणार नाही अशी हातभरही भूमी उरणार नाही.’ भक्तीच्या नावाखाली असला मूर्खपणा करणारे राजे कृतयुगातही होते! त्याने उपवने तोडली, देवराया तोडल्या, आणि शेवटी कुऱ्हाडी घेतलेल्या सैनिकांसह तो शालंकायनांच्या दारी येऊन उभा राहिला.

ऊर्णा तेव्हा दूर नदीवर गेली होती. ऋषींनी राजाचे पाय धुतले, अर्घ्य दिले आणि अतिथीला म्हणायचे ते म्हटले, “राजन्, हे सर्व आपलेच आहे.” यावर अतिथीने हात जोडून ‘आपल्या दर्शनाने सर्व पावलो’ असे म्हणायचे, आणि विषय तेथेच संपायचा, ही जगाची रीत. कोणीही शहाणा माणूस ते शब्द खरे धरून घरातली भांडी उचलू लागत नाही.

तेजोवर्धनाने हात जोडले नाहीत. तो म्हणाला, “मुनिवर, तपस्व्याची वाणी मिथ्या होत नाही. सर्व माझे असेल, तर हे वृक्षही माझे. मी ते तोडतो.”

शालंकायनांचा चेहरा उतरला. एक ‘नाही’ म्हणायचे तेवढे होते. पण दिलेला शब्द फिरवला तर तप क्षीण होईल, या भयाने त्या महातपस्व्याने मान खाली घातली आणि डोळे मिटून घेतले.

वृक्ष कोसळल्याचा आवाज नदीपर्यंत गेला. ऊर्णा धावत आली तेव्हा आश्रमावर उघडे आकाश होते. प्रखर उन्हात दीर्घपर्णीची पाने कडांनी काळवंडून मुरगळत होती. ती झुडपावर ओणवी झाली, आपले वल्कल त्यावर पसरले आणि तशीच मान वळवून गरजली, “कोणी केले हे?”

“मी, देवी,” राजा म्हणाला. “या अभागी रोपाला प्रथमच सूर्यदर्शन घडले!”

“दर्शन? अरे, जळते आहे ती!” ऊर्णेचे डोळे पेटले. “दुसऱ्याची सावली तोडणाऱ्या नराधमा, तुलाही यापुढे सावली मिळणार नाही. झाडाखाली बसशील तर त्याची पाने गळतील, छत्राखाली उभा राहशील तर छत्र पेटेल. नीघ येथून!”

छत्रधारी सेवकाच्या हातातले छत्र त्याच क्षणी भडकले. राजा पळत सुटला तो कायमचाच.

तेव्हा स्वतः भगवान सूर्यनारायण खाली उतरले. “देवी, कोप आवर. माझे तेज हिला बाधणार नाही, असा मी वर देतो.”

“तुझा वर तुझ्याजवळ ठेव!” ऊर्णा म्हणाली. “तुझ्या नावाने कुऱ्हाडी चालल्या तेव्हा तू माथ्यावरच होतास. ढगाआड जाण्याचेही तुला सुचले नाही. फांद्यांतून गाळून येईल तेवढ्याच उजेडावर ही जगेल. आणि तुझे ऊन हिच्यावर थेट पडले, तर पानावरचा करपट डाग लोकांना तुझी करणी सांगेल.”

सूर्यदेव आल्या वाटेने परतले. मग ती पतीकडे वळली.

“ऊर्णे,” शालंकायन म्हणाले, “शब्द मोडला असता तर जन्मभराचे तप गेले असते.”

“शब्द तुमचा होता आणि दिलेत ते माझे माहेर!” तिचा आवाज फुटला. “एकदा हिच्याकडे वळून पाहिले असतेत! तप राखलेत ना? मग ते कामाला येऊ द्या. हिला सावली हवी आहे. उभे राहा येथे.”

ऋषी झुडपाजवळ जाऊन उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही बाहू पसरले. पाहता पाहता पावले मातीत शिरली, बाहूंना फांद्या फुटल्या, जटांची पालवी झाली. त्या महावृक्षाची छाया दीर्घपर्णीवर पडली आणि मुरगळलेली पाने हळूहळू उलगडली.

ऊर्णा पुढे आयुष्यभर तेथेच राहिली. दीर्घपर्णीला ती रोज पाणी घाली. वृक्षाच्या मुळाशी मात्र जाणूनबुजून एक थेंबही टाकत नसे. झुडपाच्या आळ्यातून झिरपेल तेवढ्यावर त्या वृक्षाने ती सारी वर्षे काढली. म्हणूनच दीर्घपर्णी आजही मोठ्या झाडाच्या छायेतच बारमाही हिरवी राहते आणि उन्हात लावली की करपते. ऊर्णेचा राग पुढे निवला का, हे जुने कथेकरी सांगत नाहीत. माझ्या मते तो निवला नसावा, आणि का निवावा?